ऑफिसातून आल्यावर ओव्हनमधलं पोर्क कॅसरोल (मांस शेवटी घाला!)

ओव्हनवेडा
मंडळी, ऑफिसातून दमून आल्यावर रात्रीच्या जेवणाला जमेल असं पोर्क कॅसरोल (म्हणजे डिशमध्ये भाज्या, मांस आणि सॉस एकत्र घालून ओव्हनमध्ये शिजवायचा पदार्थ) लिहितोय. चार जणांना पोटभर होतं, आपलं काम वीस-पंचवीस मिनिटांचं, बाकी ओव्हन बघून घेतो.

आधीच सांगतो, सोपी म्हणून जी पाककृती (पाकृ) सगळीकडे फिरते तिच्यात चॉप्स (डुकराच्या मांसाचे अख्खे काप), कच्चे बटाटे, क्रीमचं सूप असं सगळं एका भांड्यात कोंबून तासभर ओव्हनमध्ये ढकलायला सांगतात. सोपं आहे खरं, पण बटाट्याला लागतो तास आणि चॉपला पंधरा मिनिटं, मग दोघांना एकत्र बसवून कसं चालेल, बटाटा शिजेपर्यंत चॉपची चप्पल झालेली असते. म्हणून बटाटे आधी आत, मांस शेवटी. सगळी ट्रिक एवढीच.

तर चार जाड चॉप्स घ्यायचे, जाड म्हणजे अडीच सेंटिमीटर तरी, त्याहून पातळ असतील तर या पाकृच्या नादी लागू नका. सकाळी निघतानाच दोन्ही बाजूंना मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडे ठेवून द्यायचे, किलोला साधारण १० ग्रॅम मीठ या हिशोबानं. सकाळी राहिलं तर आल्या आल्या आधी हे करा आणि मग कपडे बदला. बाकी ६०० ते ७०० ग्रॅम बटाटे, दोन मोठे कांदे, २०० ग्रॅम मशरूम, एक सपाट टेबलस्पून मैदा, ३०० मिली स्टॉक, १५० मिली क्रीम, एक टेबलस्पून तयार मस्टर्ड, मिरपूड, आणि थाइम किंवा सेज या सुगंधी पानांतलं जे घरात असेल ते.

ओव्हन २०० अंशांवर लावा. बटाट्याच्या तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या करून मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळा, सुरी शिरली पाहिजे पण चकती मोडता कामा नये, आणि पाणी निथळून टाका. तोवर पॅनमध्ये कांदा आणि मशरूम परतायचे, मशरूमचं पाणी पूर्ण आटून ते खालून तपकिरी झाले की मैदा घालून मिनिटभर हलवा, मग स्टॉक थोडा थोडा ओता, क्रीम, मस्टर्ड, थाइम, एक उकळी, झालं. बेकिंग डिशमध्ये बटाटे पसरा, वरून हे सगळं ओता, फॉइलनं घट्ट झाका आणि आत टाका, २० मिनिटं.

आता तोच पॅन पुसून चांगला तापवा, थोडं तेल घाला, चॉप्स कागदानं टिपून कोरडे करा आणि एकेका बाजूला दोन मिनिटं ठेवा. सारखे उलटेपालटे करू नका, रंग येऊ द्या. चरबीची जी पट्टी असते कडेला ती चिमट्यानं उभी धरून तीही पॅनला टेकवा, नाहीतर ती पांढरी आणि रबरासारखी राहते. चॉप्स काढल्यावर पॅनमध्ये दोन चमचे पाणी टाकून तळाशी चिकटलेलं खरवडा, ते अजिबात टाकू नका.

फॉइल काढा, चॉप्स बटाट्यांवर ठेवा, खरवडलेलं पाणी वरून ओता, आणि आता उघडंच ८ ते १२ मिनिटं. आतलं तापमान ६१ च्या आसपास आलं की बाहेर, पाच मिनिटं तसंच राहू द्या, तेवढ्यात ते आपसूक ६३ च्या पुढे जातं. वाढा.

तिरकी_रेघ
वाखूसा (वाचनखूण साठवली)! पण पॅन, पातेलं, बेकिंग डिश, अशी तीन भांडी झाली की. एका भांड्यातलं म्हणून तर कॅसरोल करायचं ना?

ओव्हनवेडा
@तिरकी_रेघ तीन भांडी घासायची की कडक चॉप चावायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं :)

सिरियसली सांगायचं तर ओव्हनमध्येही चालणारा जाड बुडाचा पसरट पॅन असेल तर दोनच भांडी होतात. फक्त मग चॉप्स आधी परतून बाजूला ठेवावे लागतात आणि अर्धकच्चं मांस ओट्यावर तसंच वीस मिनिटं ठेवणं मला पटत नाही. म्हणून मी डिश आत गेल्यावरच चॉप्सना हात लावतो.

मुदपाकखाना
पाकृ छान आहे पण लॉइन (पाठीचं मांस) चॉप्ससाठी एवढा खटाटोप कशाला हे कळलं नाही. कॅसरोलसाठी खरं मांस म्हणजे शोल्डर, खांद्याचं. थोडी चरबी, मधे मधे पांढरे पडदे, ते वितळले की सॉसला जी चिकट चकाकी येते ती लॉइनमधून सात जन्मात येणार नाही. लॉइन म्हणजे नुसतं कोरडं मांस, त्याला क्रीम पाजून किती पाजणार.

ओव्हनवेडा
@मुदपाकखाना शंभर टक्के मान्य, पण शोल्डरला दोन-अडीच तास हवेत. साडेसातला घरात पाऊल ठेवणाऱ्यानं जेवायचं कधी?

मुदपाकखाना
कोणी सांगितलं त्याच रात्री करा म्हणून? रविवारी दुपारी शोल्डरचे चार सेंटिमीटरचे तुकडे करून, परतून, कांदा आणि स्टॉकबरोबर घट्ट झाकणात १६० ला ठेवून द्यायचे, दोन तासांनी काट्यानं टोचून बघायचं. त्या पांढऱ्या पडद्यांतलं कोलॅजन हळूहळूच विरघळून जिलेटिन होतं, त्याला घाई चालत नाही, आच वाढवली म्हणून ते लवकर होत नाही, नुसतं पाणी निघून जातं. आणि मजा अशी की तासाभरानं चाखलं तर सगळ्यात कडक लागतं, लोक तिथेच घाबरतात आणि बंद करतात! तेव्हा सोडायचं नाही, अजून एक तास जाऊ द्यायचं. मग पसरट डब्यांत भरून लवकर गार करायचं आणि फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस मजेत टिकतं. बुधवारी त्यातलं डिशमध्ये ओतायचं, वर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या नाहीतर लोणी लावलेला ब्रेडचा चुरा, २०० ला अर्धा तास, मध्यभागी बुडबुडे आले पाहिजेत. कष्ट शून्य. गार झाल्यावर वरची चरबी थिजते ती चमच्यानं उचलून टाकता येते हा आणखी एक फायदा.

उनाड_पाखरू
+१ शोल्डर. दुसऱ्या दिवशी तर जास्तच चांगलं लागतं.

अर्धपोटी
दोघांचंही वाचलं पण माझा प्रश्न वेगळाय. मी चॉप्सचं कॅसरोल करते, मऊ व्हावं म्हणून भरपूर सॉसमध्ये बुडवून ठेवते तरी कोरडंच लागतं, आजूबाजूला एवढा रस आणि मांस मात्र भुसा. असं का होत असेल? तापमान १८०, वेळ पाऊण तास, झाकून.

ओव्हनवेडा
@अर्धपोटी ताई, पाऊण तासच नडतोय. मांसाचा ओलावा बाहेरच्या रसावर अवलंबून नसतो, आतल्या तंतूंनी धरून ठेवलेल्या पाण्यावर असतो. तापमान वाढलं की तंतू आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात, मग भोवती सॉस असो की समुद्र. लॉइन ७० च्या वर गेलं की कोरडं व्हायला लागतं आणि तुमचं पाऊण तासात ९० च्या घरात जात असणार. त्यात झाकलेलं, म्हणजे रंग पण येत नाही, कारण ओल्या वाफेत पृष्ठभाग १०० च्या वर चढतच नाही आणि खरपूस व्हायला १४० तरी लागतं.

अर्धपोटी
ओह! मी तर मऊ होईना म्हणून उलट वेळ वाढवत होते.

मुदपाकखाना
वेळ वाढवून मऊ होतं ते शोल्डर. हेच तर म्हणतोय कधीपासून.

काळजीवाहू
थांबा थांबा, पोर्क ६३ अंशांना बाहेर?? आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय की पोर्क पूर्ण पांढरं होईपर्यंत शिजवायचं, गुलाबी दिसलं तर खायचं नाही, कृमी होतात, डोक्यात जातात वगैरे. लहान मुलं आहेत घरात, उगाच रिस्क नको.

सूक्ष्मदर्शी
@काळजीवाहू रास्त शंका आहे, जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी, म्हणजे चॉप, रोस्ट वगैरे, शिफारस ७१ वरून ६३ अंशांवर आणली, वर तीन मिनिटं विश्रांती. ती विश्रांती नखऱ्यासाठी नाहीये, त्या वेळात तापमान टिकून राहतं आणि जंतू मरत राहतात. खिम्याला मात्र ७१ च, कारण दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात.

भीती मुख्यतः ट्रिचिनेलाची, म्हणजे मांसात राहणाऱ्या एका बारीक कृमीची होती. तो ६३ च्या आतच मरतो, आणि बंदिस्त जागेत नीट पाळलेल्या डुकरांत हल्ली फार क्वचित सापडतो. १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा तुकडा उणे १५ अंशांवर २० दिवस गोठवला तरी मरतो, पण हे पाळीव डुकरांबद्दल, रानडुकराचं मांस असेल तर गोठवण्यावर विसंबू नका, कारण जंगली प्राण्यांतले काही प्रकार थंडीला दाद देत नाहीत.

आता डोक्यात जाण्याबद्दल. ते प्रकरण फीतकृमीचं. कच्च्या पोर्कमधून आतड्यात फीतकृमी होऊ शकतो, पण मेंदूत गाठी होतात त्या त्याची अंडी पोटात गेल्यानं, आणि अंडी येतात ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्च्या भाज्या यातून. म्हणजे एक घासही पोर्क न खाणाऱ्यालाही होऊ शकतं. मांस नीट शिजवणं गरजेचं आहेच, पण हात धुणंही तेवढंच.

आणि रंगावर अजिबात जाऊ नका. कांदा, काही भाज्या यांच्या सोबत शिजलेलं मांस पूर्ण सुरक्षित तापमानालाही गुलाबी राहू शकतं, आणि उलटही होतं. थर्मामीटर टोचा, हाडाला टेकू न देता, कडेनं आडवा, सगळ्यात जाड भागाच्या मध्यापर्यंत.

मुलांसाठी मनाला बरं वाटत असेल तर ६८ पर्यंत न्या. फार बिघडत नाही. ९० ला बिघडतं.

काळजीवाहू
खूप धन्यवाद, हे वेगळं कुठंतरी सेव्ह करून ठेवतो. थर्मामीटर नाहीये पण. रस स्वच्छ आला की झालं असं चालेल का?

सूक्ष्मदर्शी
रसाचा भरवसा नाही. थर्मामीटर नसेल तर माझं ऐका आणि चॉप्सच्या वाटेला जाऊ नका. शोल्डर किंवा खिम्याचं करा, ते गरजेपेक्षा जास्त शिजलं म्हणून काही नुकसान नाही.

तिरकी_रेघ
खिम्याचं कोणी लिहा ना मग. आणि शिजवण्याआधी मांस धुवायचं का नाही? इथं कोणीच धुतलेलं दिसत नाहीये.

सूक्ष्मदर्शी
धुवू नका. जंतू आचेनं मरतातच, धुताना मात्र त्यांचे शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या सॅलडवर उडतात. शिवाय ओल्या मांसाला रंग येत नाही. कागदानं टिपा, कागद टाका, हात साबणानं धुवा.

खिमावाली
आले आले, खिमा म्हटलं की आलेच.

आमच्याकडे चॉप्स वगैरे वीकेंडला, मधल्या वारी खिमाच. ५०० ग्रॅम पोर्क खिमा मोठ्या आचेवर पसरून ठेवायचा आणि तीन-चार मिनिटं ढवळायचाच नाही, खालून तपकिरी झाला की मग मोडायचा. सुरुवातीपासून ढवळत बसलं की पाणी सुटतं आणि करडा उकडलेला खिमा तयार होतो, त्याला ना वास ना चव. सुटलेली चरबी चमचाभर ठेवून बाकीची काढून टाका. मग कांदा, गाजर, लसूण, टोमॅटो पेस्ट दोन चमचे, ती पेस्ट पण थोडी परतायची बरं का, कच्ची आंबट लागते, चमचाभर मैदा, २०० मिली स्टॉक, मटार, दहा मिनिटं रटरटू द्या. घट्टच हवं, चमच्यावर ढीग राहिला पाहिजे, पातळ राहिलं तर वरचा मॅश त्यात बुडतो. डिशमध्ये पसरून वर मॅश केलेला बटाटा, काट्यानं ओढून रेघा पाडा म्हणजे टोकं कुरकुरीत होतात, २०० ला २० ते २५ मिनिटं. खिमा आधीच शिजलेला असतो त्यामुळे ओव्हनमध्ये फक्त वरचा रंग यायचा असतो, टेन्शनच नाही कसलं.

अर्धपोटी
@खिमावाली हे उद्याच. टोमॅटोवरून आठवलं, मी एकदा क्रीमच्या ऐवजी टोमॅटोचा सॉस घातला होता तर बटाटे तास झाला तरी कच्चेच. बटाटेच वाईट होते का?

खिमावाली
बटाट्यांचा काही दोष नाही गं, टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाट्यातलं पेक्टिन (पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ) लवकर सुटत नाही, म्हणून चकत्या टणक राहतात. टोमॅटोत घालायचे तर आधी पूर्ण उकडूनच घाल, ओव्हनच्या भरवशावर नको.

उनाड_पाखरू
क्रीमच्या ऐवजी दूध चालेल का? घरात कोणाला जड जेवण नकोय.

ओव्हनवेडा
चालेल पण फुल फॅट घ्या आणि मैदा दीडपट करा. कमी स्निग्धांशाचं दूध ओव्हनमध्ये फाटतं, त्यात मस्टर्डचा आंबटपणा, मग तळाला पाणी आणि वर दाणे. मैद्यामुळे ते बऱ्यापैकी सांभाळलं जातं. दही तर नकोच, घालायचंच असेल तर ओव्हनमधून काढल्यावर चमचाभर वरून.

एकटा_जीव
मी एकटाच आहे, छोटा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) आहे. निम्मं प्रमाण घेतलं तर वेळ पण निम्मा करायचा का? आणि माझ्या ओटीजीत वरचं करपतं आणि मधलं गारच राहतं.

ओव्हनवेडा
वेळ निम्मा नाही होत. वेळ ठरतो थराच्या जाडीवर, किती किलो आहे यावर नाही. डिशही लहान घ्या म्हणजे थराची जाडी तेवढीच राहील, मग वेळही जवळजवळ तोच. मोठ्या डिशमध्ये निम्मं पसरलंत तर सॉस कडेनं आटून जळतो.

छोट्या ओटीजीत रॉड फार जवळ असतात, डिश सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा आणि २०० ऐवजी १८५-१९० लावा. चॉप्स घातल्यावर वरचं जास्तच रंगायला लागलं तर फॉइल नुसतं वर टेकवा, घट्ट नको. पंखा चालू असेल तर मोठ्या ओव्हनलाही २० अंश कमी.

एकटा_जीव
कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह पण आहे एक. तो?

ओव्हनवेडा
कन्व्हेक्शन मोडवर उत्तम होतं. मायक्रो मोडवर मात्र फॉइल अजिबात नको, आणि काही मशीनमध्ये कॉम्बी मोड (कन्व्हेक्शन आणि मायक्रो एकत्र) असतो त्यातही नको. काचेचं झाकण असलेली डिश वापरा म्हणजे भानगडच नाही.

मुदपाकखाना
काचेच्या डिशबद्दल एक राहिलंच, फ्रिजमधून काढलेली गार डिश तापलेल्या ओव्हनमध्ये थेट ठेवू नका, आणि तापलेल्या डिशमध्ये गार स्टॉक ओतू नका, तडकते. बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावरही नको, खाली कोरडा जाड कपडा घ्या. माझी शोल्डरवाली रीत करणाऱ्यांना हे जास्त लागू कारण सगळं फ्रिजमधूनच निघतं. मी सरळ दुसऱ्या डिशमध्ये ओततो.

तिरकी_रेघ
बटाट्याऐवजी भात? घरी बटाट्याला नाकं मुरडतात.

खिमावाली
होतो की. एक कप तांदूळ धुवून डिशमध्ये, त्यावर परतलेला कांदा आणि मशरूम, दोन कप *उकळता* स्टॉक, उकळताच हवा हे महत्त्वाचं, गार घातला तर तो तापण्यातच पंधरा मिनिटं जातात आणि तांदूळ भिजून फुटतो. फॉइल अगदी घट्ट, १९० ला २५ ते ३० मिनिटं. शेवटी वर चॉप्स, ओव्हनवेडा म्हणतायत तसंच. क्रीम मात्र भातात नको, चिकट लगदा होतो.

उनाड_पाखरू
कोणी सफरचंद घातलंय का? पोर्क आणि सफरचंद ही जोडी म्हणजे विषय संपला.

ओव्हनवेडा
आंबटसर आणि टणक जातीचं घ्या, साल ठेवून जाड फोडी करा आणि चॉप्सबरोबरच शेवटी घाला. आधी घातलं तर विरघळून सॉस गोड करून टाकतं. मस्टर्ड मग थोडं वाढवा. मला स्वतःला मशरूम आणि सफरचंद एकत्र आवडत नाही, दोन्हीतलं एकच काहीतरी.

मुदपाकखाना
यावर मात्र ओव्हनवेडांशी सहमत, नोंद घ्यावी.

काळजीवाहू
आज केलं! थर्मामीटर पण घेऊन आलो शेवटी. ६६ ला काढलं, मधे किंचित गुलाबी छटा होती, बायकोनं भुवया उंचावल्या, पण मुलांनी मागून मागून खाल्लं. बटाट्यांना क्रीम आणि मशरूमची चव मस्त मुरली होती, पुढच्या वेळी बटाटेच जास्त घालीन म्हणतो. दोन चॉप्स आणि थोडे बटाटे उरलेत. गोठवले तर चालतील का?

खिमावाली
क्रीम आणि बटाटा दोन्ही गोठवल्यावर बिनसतात, बटाटा रवाळ होतो आणि क्रीम फुटतं. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि तीन दिवसांत संपवा. गरम करताना चॉप्सचे पातळ काप करून सॉसमध्ये मिसळा आणि झाकून गरम करा, सगळं कडकडीत गरम व्हायला हवं, ७४ अंश. अख्खा चॉप तसाच गरम केला तर मधे गरम होईपर्यंत कडेचा परत भुसा. गोठवायचंच असेल तर माझं खिम्याचं गोठवा, मॅशमध्ये लोणी सढळ हातानं घातलेलं असेल तर त्याला काही होत नाही, फक्त ओव्हनमध्ये टाकायच्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा.